घाटात पिकअप थरथरते तेव्हा इंजिन काय सांगत असतं

बीडहून सोलापूरला कांदा घेऊन निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो, बालाघाटाच्या डोंगरावर चढवणारा. आमच्या दादाची पिकअप २००८ चं मॉडेल, पंपावाली डिझेल, आणि इतकी वर्षं ती हा घाट भरल्या गाडीनं तिसऱ्यात चढायची. मागच्या हंगामात मात्र निम्म्या घाटात अशी थरथरायला लागली की डॅशबोर्डवरचा मोबाईल सरकत सरकत खाली पडला, रेस पूर्ण दाबली तरी गाडी ओढेना, तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात असं करत कशीबशी वर आली. आणि वर सपाटीला लागली की एकदम शहाण्यासारखी चालायला लागली, जणू काही झालंच नव्हतं.

दादानं आल्याबरोबर एका गॅरेजला नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे भाग, काढून टेस्टिंगला दिले, दोन बदलले, पैसे गेले, आणि पुढच्या खेपेला घाटात परत तेच. मला वाईट वाटलं ते पैशापेक्षा या गोष्टीचं की गाडी जे सांगत होती ते कुणी ऐकलंच नव्हतं. थरथर कधी होते, कशी होते आणि त्या वेळी धूर कसला येतो, या तीन गोष्टी नीट बघितल्या तर पाना हातात घ्यायच्या आधीच निम्मं कोडं सुटतं, आणि हे काही मिस्त्रीचं गुपित नाही, साधं फिजिक्स आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलेंडरमधली हवा पिस्टन साधारण सोळा ते बावीस पट दाबतो, सायकलचा पंप मारताना तळाला हात लावला की गरम लागतो ना तेच, फक्त इथं हवा ५००-६०० अंशांपर्यंत तापते आणि त्या भट्टीत नोझलनं डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलचं या तत्त्वावरचं इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला पहिल्यांदा नीट चाललं, आणि आपल्या शेतातला ट्रॅक्टर असो की पिकअप, गाभा आजही तोच आहे.

आता थोडा हिशोब करू, कारण सगळी मजा हिशोबातच आहे. चार सिलेंडरचं इंजिन स्लोला, म्हणजे रेस न देता, मिनिटाला ८०० फेरे मारतंय असं धरा. प्रत्येक सिलेंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो, म्हणजे चौघांचे मिळून सेकंदाला २६-२७ धक्के बसतात, १-३-४-२ अशा ठरलेल्या पाळीनं, सारख्या अंतरानं. इतक्या वेगाचे धक्के इंजिनखालचं रबरी फाउंडेशन बऱ्यापैकी गिळून टाकतं, आपल्याला फक्त गुरगुर जाणवते. पण एक सिलेंडर मेला की पाळी मोडते आणि दर चौथा धक्का गायब, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा एक खड्डा पडतो. हा हळू ठोका रबराला गिळता येत नाही, तो सरळ चासीत, सीटमध्ये आणि स्टेअरिंगमध्ये येतो. मिस्त्री लोक ज्याला गाडी मिस मारते म्हणतात ती हीच. आरसा धकधक हलताना दिसतोय, हलणं जवळजवळ मोजता येतंय, तर एखादा सिलेंडर काम करत नाही असं समजायला हरकत नाही, आणि नुसतीच बारीक सरसर सगळीकडं जाणवत असेल तर आधी फाउंडेशनचं रबर बघावं, ते फाटलेलं किंवा दगडासारखं कडक झालेलं असतं.

लोकांना वाटतं चारातला एक मेला तर ताकद पावभर कमी होईल. पावापेक्षा जास्त जाते! समजा चारही सिलेंडर मिळून १०० इतकी ताकद तयार करतात आणि त्यातले २५ पिस्टन, बेअरिंग, पंप फिरवण्यातच खर्च होतात, चाकाकडं जातात ७५. एक मेला की तयार होतात ७५, पण आतला खर्च तेवढाच राहतो, कारण मेलेल्या सिलेंडरचा पिस्टनही बाकीच्या तिघांनाच ढकलावा लागतो. हातात उरले ५०. म्हणजे चाकाला मिळणारी तिसरा हिस्सा ताकद गेली, आणि भरल्या गाडीनं घाटात तेवढी गेली की गेअर टाकावाच लागतो.

मात्र प्रत्येक थरथर इंजिनाची नसते आणि इथं भल्याभल्यांची गफलत होते. गाडी जागेवर उभी करून न्यूट्रलला रेस द्या, थरथरली तर इंजिन. उभी असताना गप्प, पण रस्त्यावर एका ठराविक स्पीडला, समजा साठला, कुठल्याही गेअरमध्ये थरथरते तर चाक किंवा प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस नावाचा सांधा. फक्त पहिल्यात उचलताना हिसके देते तर क्लच. आणि ओढत नसली तरी इंजिनाचा आवाज चढत जातो आणि गाडी तिथंच राहते, तर क्लच प्लेट घसरतीय, इंजिन बिचारं पूर्ण काम करतंय. एखादा ब्रेक चिकटलेला असेल तर गाडी थांबवून चारही चाकांजवळ नुसता हात नेला, टेकवायचा नाही, तरी एक चाक बाकीच्यांपेक्षा भाजतंय हे कळतं. दादाच्या गाडीचं इंजिन घाटात आवाजासकट बसत होतं, म्हणजे क्लच नाही. न्यूट्रलला मात्र गप्प होती, म्हणजे जे काही होतं ते लोड आल्यावरच होत होतं.

मग राहिला धूर. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ताकद नाही आणि काळा धूर, म्हणजे डिझेल पोचतंय पण ते जाळायला हवा पुरत नाही : एअर क्लीनर चोक झालाय, नाहीतर टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, होस कुठंतरी फाटलाय. आपल्याकडं काळ्या रानातून, मळणीच्या भुसकटातून गाडी फिरते, त्यामुळं पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी एअर क्लीनर भरतो, आणि त्यात मे महिन्यात ४५ अंशाला हवा स्वतःच १५ अंशाच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते, म्हणजे उन्हाळ्यात तशीही हवा कमीच. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर आणि सकाळी थंडीत थरथर, परभणीकडं डिसेंबरात पारा १० च्या खाली येतो तेव्हा हे खूप दिसतं, म्हणजे डिझेल पेटायला पुरेशी उष्णता होत नाही, पिस्टनच्या रिंगा घासल्यात किंवा थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारा ग्लो प्लग गेलाय. रिंगांची शंका असेल तर चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडून बघतात, भसाभसा वाफेसारखा धूर मारत असेल तर त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि ते काम मोठं आहे.

आणि ताकदही नाही, धूरही नाही? तर मग डिझेलच पोचत नाही. दादाच्या गाडीचं नेमकं हेच होतं, घाटात मागं बघितलं तर सायलेन्सर स्वच्छ!

डिझेल टाकीतून इंजिनापर्यंत कसं येतं हे बघण्यासारखं आहे. आपण म्हणतो पंप डिझेल ओढतो, पण खरं म्हणजे पंप पाईपमधला दाब कमी करतो आणि टाकीतल्या डिझेलला बाहेरची हवाच वर ढकलते. म्हणून टाकीच्या झाकणाचं बारीक भोक मातीनं बुजलं तरी गाडी बसते, झाकण उघडल्यावर सुस्स आवाज आला आणि गाडी पळायला लागली तर तेवढाच रोग. फिल्टर चोक असेल तरी तसंच, सपाटीला लागणारं थोडं डिझेल त्यातून जातं, घाटात लागणारं जास्त जात नाही. दादाचा फिल्टर नवा होता, झाकणही ठीक.

पण एक गोष्ट दादा सहज बोलून गेला, महिनाभरापासून सकाळी हॅन्ड पंप, म्हणजे इंजिनाकडं हातानं डिझेल चढवायचा छोटा पंप, मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. आमच्या गावातल्या वयस्कर मिस्त्रींना, सगळे त्यांना चाचा म्हणतात, हे सांगितलं तर त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही, म्हणले, "भौ, गाडी एअर घ्यायली."

टाकी आणि पंप यांच्यामधल्या पाईपला चीर गेली तर गाडी चालू असताना तिथून डिझेल बाहेर गळत नाही, कारण आत दाब बाहेरपेक्षा कमी असतो, उलट बाहेरची हवा आत जाते. म्हणून गाडीखाली ओलं दिसत नाही आणि कुणाला शंका येत नाही. रात्रभर तीच हवा वर साचते आणि डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळी हॅन्ड पंप. घाटात मागणी वाढली की आतला दाब आणखी घटतो आणि चीर जास्त हवा प्यायला लागते.

थोड्याशा हवेनं एवढं काय बिघडतं, तर भर लोडला एका सिलेंडरमध्ये एका वेळी जाणारं डिझेल असतं ३० ते ६० घन मिलीमीटर, म्हणजे ज्वारीच्या एक-दोन दाण्यांएवढं. आणि नोझल उघडायला दीड-दोनशे पट हवेचा दाब लागतो. डिझेल दाबलं तर जवळजवळ दबत नाही, दाब लगेच पुढं पोचतो. पण त्यात दाण्याएवढा बुडबुडा आला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यातच जातो, नोझल उघडतच नाही, आणि त्या पाळीला तो सिलेंडर उपाशी राहतो. पुढच्या वेळी दुसरा.

चाचांनी फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली, गाडी सुरू करून रेस दिली. स्लोला डिझेल सरबतासारखं स्वच्छ होतं, आणि रेस वाढली तसे मोहरीएवढे बुडबुडे एकामागं एक, मग माळच लागली, सोड्याची बाटली फोडल्यासारखी. मी वाकून बघत राहिलो. टाकीपासूनचा रबरी पाईप चासीच्या पट्टीला घासत होता तिथं वाकवल्यावर एक केसासारखी चीर उघडली, बोट लावलं तर बोटाला डिझेलचा वासही नीट लागला नाही.

एखादा सिलेंडर कायमचाच मेलेला असता तर चाचा वेगळं करतात, स्लोला एकेका नोझलच्या पाईपचा नट जरासा सैल करतात, ज्याला सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरकच पडत नाही तो मेलेला. पण हे फक्त जुन्या पंपाच्या गाडीला, आणि तेही सवयीच्या हातानं. कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथं सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा नव्या इंजिनात, पाईपमधला दाब हजार पटीच्याही वर जातो, तिथं नट सैल करायचा नाही म्हणजे नाही, ती बारीक धार कातडीतून आरपार आत घुसते, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठायचा. त्या गाड्यांना स्कॅनर लावून कुठला सिलेंडर मागं पडतोय ते बघता येतं, तेच करावं.

पारदर्शक नळी चाचांनी परत काढून घेतली, साधी प्लास्टिकची नळी डिझेलनं कडक होऊन तडकते म्हणून ती फक्त बघण्यापुरती. दोन फूट डिझेलचा पाईप, दोन क्लिपा, घासत होता तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, पाईपात अडकलेली हवा काढली. पुढच्या शनिवारी कांदा घेऊन निघालो, मी मुद्दाम दादाशेजारी बसलो होतो, मोबाईल डॅशबोर्डवर होता तिथंच राहिला आणि गाडी तिसऱ्यात घाट चढली.