बांधावरचं बेट आणि बुरुडाचा कोयता

सिंधुदुर्गात भातखाचराच्या बांधावर किंवा घरामागच्या परड्यात माणगा बांबूची बेटं ठिकठिकाणी दिसतात. याला काटे नसतात आणि काठी सरळ, बुंध्याशी जवळजवळ भरीव असते. माणग्याला फुलोरा फार क्वचित येतो, त्यामुळे बी सहसा मिळत नाही. कंद किंवा काठीचा तुकडा रोवूनच तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवला गेला.

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघा ऑस्ट्रेलियनांनी 1978 साली ‘पर्माकल्चर’ची, म्हणजे निसर्गाच्या धर्तीवर टिकाऊ शेती आखण्याची, कल्पना पुस्तकरूपाने मांडली. शेतातल्या प्रत्येक घटकाने एकाहून जास्त कामं करावीत आणि एकाचा कचरा दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, हे तिचं सूत्र. अशा शेताच्या आराखड्यात झाडं, पाणी, कोंबड्या, गांडुळं यांच्या जागा नेमक्या आखलेल्या असतात. टोपली विणणाऱ्या माणसाची जागा मात्र मला त्यात क्वचितच दिसते. लहान शेतात तोही परिसंस्थेचाच भाग धरला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. त्याचं कारण बांबूच्या वाढीत आहे.

बांबू हे गवत आहे. पावसाळ्यात जमिनीतून कोंब येतो तोच काठीच्या पूर्ण जाडीचा, आणि काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर काठी जाड होत नाही, कारण झाडाच्या खोडात दरवर्षी नवं लाकूड तयार करणारा पेशींचा थर बांबूत नसतोच. पुढची सुमारे तीन वर्षं काठी फक्त आतून पक्की होत जाते. पेशींच्या भिंती जाड होतात, त्यांत लिग्निन हा लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ भरतो. म्हणून एकाच बेटातल्या काठ्या वयानुसार वेगवेगळ्या कामाच्या असतात. सूप, रोवळी, टोपली विणायला कोवळी, वाकणारी काठी लागते. मांडव, शिडी, घराचं छप्पर यांना तीन-चार वर्षांची पक्की काठी लागते.

इथेच खरी अडचण येते. नवे कोंब बेटाच्या कडेला फुटतात आणि जुन्या काठ्या मध्ये राहतात. कोवळ्या काठ्या कडेला, हाताशी असतात, म्हणून त्याच आधी तुटतात. पण पुढच्या पावसाळ्यातल्या कोंबांना लागणारं अन्न या तरुण काठ्यांच्या पानांतून आणि कंदातूनच येतं. त्या सगळ्या नेल्या तर बेट खंगतं. उलट वर्षानुवर्षं कोणीच कोयता लावला नाही, तर मधल्या जुन्या, वाळक्या काठ्यांची अशी गुंतागुंत होते की नवा कोंब सरळ वर येऊ शकत नाही. विणणारा आणि बांधकाम करणारा, दोघेही त्याच बेटातून ठरवून काठ्या नेत असतील तरच वयांचा तोल राहतो. बुरुडाने मोजक्याच कोवळ्या घ्यायच्या, सुताराने आतल्या पिकलेल्या घ्यायच्या, आणि एका बाजूने वाट मोकळी ठेवून तोड करायची. काठी जमिनीपासून वीतभर उंचीवर, गाठीच्या लगेच वर तोडायची, म्हणजे उरलेल्या खुंटात पाणी साचून तो कुजत नाही.

तोडीचा हंगामही महत्त्वाचा आहे. बांबूची पूड पाडणारे बारीक भुंगेरे काठीतल्या स्टार्चवर जगतात. कोंब फुटण्याआधी, उन्हाळ्यात, काठीत हा साठा भरपूर असतो. कोंब वाढवताना तो खर्च होतो. त्यामुळे पावसाळा सरल्यावर, थंडीच्या सुरुवातीला तोडलेला बांबू जास्त टिकतो. अमावास्येच्या सुमारास तोडण्याच्या रिवाजाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण ऋतूचा परिणाम स्पष्ट दिसतो. तोडलेल्या काठ्या काही आठवडे ओढ्यात बुडवून ठेवल्या की विरघळणारी साखर पाण्यात उतरते आणि उरलेल्या स्टार्चवर जिवाणू ताव मारतात. पाण्याला वास येतो, पण भुंगेऱ्यांचं खाद्य कमी होतं. विणलेली टोपली चुलीच्या वर टांगली तर ती कोरडी राहते, आणि धुरातले फिनॉलसारखे पदार्थ किडीला दूर ठेवतात.

सूप फाटलं, टोपलीचं बूड गेलं, की ते खतखड्ड्यात जातं. लिग्निनमुळे बांबू सावकाश कुजतो आणि त्यात नायट्रोजन फार कमी असतो, म्हणून सोबत शेण हवंच. गळलेल्या पानांचा उपयोग वेगळा आहे. त्यांत सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, भरपूर असते. कोकणातल्या मुसळधार पावसाने जांभ्या मातीतली सिलिका युगानुयुगं धुऊन नेली आहे, आणि भाताला ताठ उभं राहायला तीच लागते. बांधावरचा हा पाला आच्छादन म्हणून खाचरात घालावा, असं मला वाटतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: बेटालगतच्या भाताला सावली आणि मुळांची ओढ दोन्ही सोसावी लागतात, म्हणून बेट उत्तरेच्या बांधावर असलेलं बरं.

1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. त्यामुळे अनेक राज्यांत स्वतःच्या शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला परवान्यांची कटकट असे. 2017 च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. आता खरी गरज गिऱ्हाइकाची आहे. गावातल्या दहा-पंधरा घरांनी सूप, रोवळी, कणगीची मागणी दिवाळीपूर्वीच नोंदवून थोडी रक्कम आगाऊ दिली, तर कारागिराला नेमक्या किती काठ्या लागतील ते शेतकऱ्याला तोडीआधी कळतं. नांगरणीला जशी इर्जिक घालतात, म्हणजे शेजारीपाजारी मिळून एकाचं काम उरकतात, तशी बेट साफ करायलाही घालता येते, कारण आतली गुंतलेली काठी ओढून काढणं एकट्याचं काम नाही.

लागवड मृगाच्या पावसात करावी. पहिली नीट तोड मिळायला चार-पाच वर्षं लागतात, तेव्हा कोणाला कोणत्या वयाच्या काठ्या लागणार हे बुरुडाशी आणि सुताराशी लागवडीआधीच बोलून घ्यावं.