लवणासुराचं झाकण आणि रुक्मिणीची दोन माहेरं

लोणारच्या विवराच्या काठावर उभं राहिलं की लवणासुराची गोष्ट कुणी ना कुणी सांगतंच. हा दैत्य जमिनीखाली राहायचा. वर भलंमोठं झाकण, सोबत दोन बहिणी. त्याच्या जाचाला कंटाळून देवांनी विष्णूला साकडं घातलं. विष्णू देखणा तरुण होऊन आला, बहिणींना भुलवून त्याने दैत्याचा ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं आणि त्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे दैत्याचं रक्त, मीठ म्हणजे त्याचं कुजलेलं मांस. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. गावातलं दैत्यसूदन मंदिर याच कथेवर उभं आहे. (रामायणातला लवणासुर वेगळा. त्याला शत्रुघ्नाने मारलं, तेही मथुरेकडे.)

हे विवर उल्कापाताने झालं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक झाल्यापासून या कथेला नवा भाव आला आहे. ‘पूर्वजांनी उल्का पडताना पाहिली आणि कथेत जपून ठेवली,’ असं आता छातीठोकपणे सांगितलं जातं. ऐकायला छान वाटतं. पण कथेचा आणि शोधाचा क्रम शेजारी ठेवला की गोची होते.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पुढे शंभराहून जास्त वर्षं बहुतेक अभ्यासक त्याला ज्वालामुखीचंच तोंड समजत होते. भोवताली सगळा लाव्हाचा काळा दगड, मग दुसरं काय सुचणार! अमेरिकन भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये लोणारची तुलना ॲरिझोनातल्या विवराशी केली, पण तेही जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने झालं असंच त्यांचं मत होतं. प्रचंड आघातानेच तयार होणारी काच लोणारच्या दगडांत सापडली आणि १९७३ मध्ये उल्केवर शिक्कामोर्तब झालं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वयावर मात्र एकमत नाही: एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५,७०,०००.

आता कथेत आकाशातून काय पडतं? काहीच नाही. ना आगीचा लोळ, ना गडगडाट. दैत्य खाली आहे आणि झाकण आतून बाहेर उडतं. म्हणजे आपला कथेकरी आणि पाश्चात्त्य भूवैज्ञानिक एकाच ठिकाणी चुकले! दोघांनीही तोच गोल खड्डा, त्याची उचललेली कड आणि तळाचं खारं पाणी पाहिलं, आणि इथून काहीतरी वर उसळलं असणार असा तर्क केला. ही डोळ्यांदेखत घडल्याची आठवण नाही, नंतर पाहणाऱ्याने बसवलेला हिशेब आहे. आणि मिठावर एवढा भर का, हेही कळतं. इथला खार पिढ्यान्‌पिढ्या काढला जात होता. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, हे ‘ऐन-ए-अकबरी’तही आलं आहे. ज्याच्यावर पोट चालतं, त्याची गोष्ट होतेच. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा दैत्याच्या रक्ताची आठवण न होणं कठीण होतं. रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे आला होता.

म्हणून सगळ्याच कथा अशा नंतर बसवलेल्या, असंही नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉनात क्लॅमथ लोक पाताळाच्या आणि आकाशाच्या देवतांचं युद्ध सांगतात: डोंगर पेटला, कोसळला आणि तिथे सरोवर झालं. तिथला माझामा पर्वत सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी खरोखरच असा कोसळला. त्याच्या राखेखाली माणसांनी विणलेल्या चपला सापडल्या. म्हणजे पाहणारी माणसं तिथे होती. अशा कथांच्या अभ्यासाला भूवैज्ञानिक डोरोथी व्हिटालियानो यांनी १९६८ मध्ये वेगळं नावच दिलं. आपण त्याला भूमिथक म्हणू. लोणारच्या कथेला राखेखालची चपल नाही.

नागपूरच्या आसपास याच्या उलट प्रकार दिसतो. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाटकडे शिवारात मोठ्या दगडांची शेकडो वर्तुळं आहेत. गोंडांच्याही आधी इथे गवळी होते आणि हे त्यांच्या तळांचे दगड, असं लोक सांगत. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याला या दगडांचं वेड होतं. गोंडांच्या आदिपुरुषाची, लिंगोची, कथा टिपून घेणाराही तोच. टाकळघाटची वर्तुळं पाहून परतताना १८६३ च्या सप्टेंबरात पूर आलेल्या नदीत तो बुडाला. पुढे शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठाच्या मंडळींनी उत्खननं केली, तेव्हा ती थडगी निघाली. आत लोखंडी हत्यारं, घोड्यांची हाडं, माहुरझरीला घोड्याचे तांब्याचे दागिनेही. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. तळ नव्हेत, थडगी. इथे लोकांची गोष्ट चुकली. पण ती माणसं बऱ्याच अंशी गुरंढोरं पाळणारी होती असं अनेक संशोधकही मानतात. मला तर हे ‘गवळी’ लवणासुरापेक्षा जास्त विचारात पाडतात.

आणि मग रुक्मिणी. वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर म्हणजे भीष्मक राजाची राजधानी, तिचं माहेर. तिथे पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, मोठं टेकाड आहे. मो. गं. दीक्षितांनी १९६२ ते ६४ दरम्यान ते खणलं. महापाषाण काळापासून (म्हणजे त्या दगडी वर्तुळांच्या काळापासून) सातवाहनांपर्यंतच्या वस्तीचे थर लागले, काळी-तांबडी भांडी मिळाली. गाव जुनं, याबद्दल वाद नाही. पण खापरावर राजकन्येचं नाव नसतं. पांढरी खणली की वस्ती सापडते, रुक्मिणीहरण सापडत नाही.

शिवाय रुक्मिणीला दुसरं माहेरही आहे. अरुणाचल प्रदेशात रोइंगजवळ भीष्मकनगर नावाच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि तिथले इदू मिश्मी लोक रुक्मिणीला आपली लेक मानतात. ते अवशेष मध्ययुगातले आहेत. पण तिथल्या माणसाला हे सांगून उपयोग नाही, जसा कौंडण्यपूरच्या तिवसा तालुक्यात कुणाला अरुणाचलचं सांगून उपयोग नाही. कौंडण्यपूरहून दरसाल आषाढीला पालखी पंढरपूरला निघते. चारशेहून जास्त वर्षांची परंपरा सांगतात. माहेरचं माणूस लेकीला भेटायला चाललंय, एवढंच पालखीसोबतच्या लोकांचं म्हणणं असतं.