पॅजेट, हेन्री सिरिल

पॅजेट, हेन्री सिरिल : (१६ जून १८७५–१४ मार्च १९०५). अँगलसीचा पाचवा मार्क्विस. इंग्लिश उमराव, नर्तक आणि फिरत्या नाटकमंडळीचा मालक-नट. जन्म पॅरिसचा, मृत्यू माँटे कार्लोचा. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याच्याकडे ब्रिटनमधील एक मोठी जहागीर आली आणि सहा वर्षांच्या आत तो दिवाळखोर ठरला. या मधल्या काळात त्याने घराण्याच्या प्रार्थनामंदिराचे नाट्यगृह केले, पगारी नटांची मंडळी उभी केली आणि प्रमुख भूमिका करत ब्रिटनमध्ये व युरोपात दौरे काढले. वृत्तपत्रे त्याला ‘नाचणारा मार्क्विस’ म्हणत. बहुतेक चरित्रकोशांनी त्याची गणना उधळ्या उमरावांत करून विषय संपवला आहे. त्याच्या रंगभूमीवरील कामाला मात्र त्याहून बारकाईने पाहिले पाहिजे.

मार्क्विस हा दर्जा ब्रिटिश सरदारकीत ड्यूकच्या खालचा आणि अर्लच्या वरचा. वॉटर्लूच्या लढाईत घोडदळाचे नेतृत्व करून पाय गमावलेल्या हेन्री विल्यम पॅजेट याला १८१५ मध्ये हा किताब मिळाला. घराणे इंग्लिश, मूळ ठाणे स्टॅफर्डशरमधील बोडेझर येथे. परंतु या नोंदीशी संबंध येतो तो वेल्समधील अँगलसी बेटावर, मेनाय सामुद्रधुनीच्या काठी असलेल्या प्लास नेविद या वाड्याचा. १८८० ते १८९८ या काळात हेन्री सिरिल ‘अर्ल ऑफ अक्सब्रिज’ या वारसाच्या सौजन्य-किताबाने ओळखला जाई. त्या काळातील बातम्या शोधताना हे नाव ध्यानात ठेवावे लागते.

त्याच्या पितृत्वाविषयी वाद आहे. कायद्याने तो चौथ्या मार्क्विसचा, दुसरी पत्नी ब्लांश मेरी बॉइड हिच्यापासून झालेला थोरला मुलगा. मात्र त्याचा खरा पिता फ्रेंच नट बन्वा-काँस्तां कोक्लँ (१८४१–१९०९) होता, अशी वदंता होती. कोक्लँ हा कॉमेदी-फ्राँसेझ या फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेचा नामांकित विनोदी नट. रोस्ताँच्या नाटकातील सिरानो द बर्जराकची भूमिका १८९७ मध्ये प्रथम त्यानेच केली. १८७७ मध्ये आई वारल्यावर दोन वर्षांचे मूल पॅरिसमध्ये कोक्लँच्या बहिणीच्या घरी वाढले, असे सांगितले जाते आणि वदंतेचा मुख्य आधार हाच. आठव्या वर्षी, वडिलांनी अमेरिकन विधवा मिना किंग हिच्याशी विवाह केला तेव्हा, तो प्लास नेविदला आला, असेही अनेक लेखांत आढळते. पण हा विवाह १८८० मधला आणि त्या वर्षी मुलगा पाच वर्षांचा होता. म्हणजे एक तर वय चुकले आहे किंवा विवाह आणि स्थलांतर या दोन वेगळ्या घटना एकत्र झाल्या आहेत. दुसरी शक्यता अधिक सयुक्तिक वाटते. पितृत्वाच्या कथेबाबत सावधगिरी बरी. मुलाने पुढे रंगभूमीचा ध्यास घेतल्यामुळे ती पटण्याजोगी वाटते, पण ध्यास हा रक्ताचा पुरावा ठरत नाही. नटाच्या आप्तांच्या घरात गेलेले बालपण आणि पहिली भाषा म्हणून कानी पडलेली फ्रेंच एवढ्यानेही त्याच्या आवडीचा उलगडा होतो.

ईटन येथे आणि नंतर खासगी शिक्षकांकडे त्याचे शिक्षण झाले. रॉयल वेल्श फ्युसिलिअर्सच्या स्वयंसेवक पलटणीत तो लेफ्टनंट होता. २० जानेवारी १८९८ रोजी लिलियन चेटविंड या आत्येबहिणीशी त्याचा विवाह झाला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला वडील वारले आणि किताब व जहागीर त्याच्याकडे आली. विवाह दोन-तीन वर्षांतच मोडला. तो न्यायालयाने रद्दबातल ठरवला असे एक मत, तर अखेरीस केवळ न्यायालयीन विभक्ती झाली असे दुसरे. त्याच्या अंतकाळी लिलियन जवळ होती, याविषयी मात्र एकवाक्यता आहे.

जहागीर आणि तिची मर्यादा : स्टॅफर्डशर, डॉर्सेट, डर्बिशर आणि अँगलसी मिळून सुमारे ३०,००० एकर जमीन व वर्षाला सुमारे १,१०,००० पौंड उत्पन्न असा आकडा सर्वत्र दिला जातो. ‘त्याने जहागीर फुंकली’ हे विधान मात्र ढोबळ आहे. अशा घराण्यांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या करारबद्ध असे. चालू किताबधारक हा तिचा आजीव उपभोक्ता, पूर्ण मालक नव्हे. १८८२ च्या कायद्याने त्याला जमीन विकता येई, पण विक्रीची रक्कम त्याच्या हाती न पडता विश्वस्तांकडे जाई. त्यामुळे कर्ज काढायचे तर तारण एकच : हयातभर येणारे उत्पन्न. उपभोक्ता मेला की तारण संपले. म्हणून सावकार व्याज चढे लावत आणि कर्जदाराच्या आयुष्याचा विमा उतरवून घेत. हप्ता अर्थातच कर्जदाराच्या डोक्यावर. वर्षाच्या उत्पन्नापेक्षा खर्च वाढू लागला की व्याज आणि विमा मिळून पुढच्या वर्षांचे उत्पन्न आधीच गिळत. पॅजेटचे कर्ज अखेरीस सुमारे ५,४४,००० पौंडांवर, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांच्या उत्पन्नाइतके गेले. दिवाळखोरीत जंगम मालमत्ता विकली गेली पण घराण्याची जमीन पुढच्या वारसाकडे गेली, ती याच रचनेमुळे.

नाट्यगृह : पॅजेटने प्लास नेविदचे नाव बदलून ‘अँगलसी कॅसल’ केले. वाड्यातील प्रार्थनामंदिराचे त्याने सुमारे १५० आसनांचे नाट्यगृह करवून घेतले आणि लंडनच्या स्ट्रँडवरील प्रसिद्ध नाट्यगृहावरून त्याला ‘गेइटी’ असे नाव दिले. आरंभी प्रेक्षक म्हणजे निमंत्रित पाहुणे. पुढे आसपासच्या गावांतील लोकांनाही प्रवेश मिळू लागला, तोही विनामूल्य. याला कायद्याचीही एक बाजू आहे. १८४३ च्या नाट्यगृह कायद्यानुसार पैसे घेऊन होणाऱ्या प्रयोगासाठी वास्तूला परवाना लागे आणि नव्या संहितेला लॉर्ड चेंबरलेन या नाटकांचे परीक्षण करणाऱ्या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीची मंजुरी घ्यावी लागे. तिकीट नसलेल्या खासगी प्रयोगाला हा जाच कमी. दौऱ्यावर परवानाधारक नाट्यगृहांत उतरले की मात्र मंजूर नाटकेच करावी लागत.

प्रार्थनामंदिराचे नाट्यगृह करताना काही अडचणी ठरलेल्या असतात. जमीन सपाट असल्याने मागच्या रांगांना नटांचे पाय दिसत नाहीत, म्हणून रंगमंच उंच घ्यावा लागतो किंवा मागची आसने चौथऱ्यावर बसवावी लागतात. रंगमंचावर पडदे सरळ वर ओढून नाहीसे करण्याइतकी उंची मोकळी नसते. तेव्हा चित्रित पडदे गुंडाळावे लागतात किंवा नेपथ्याच्या चौकटी दोन्ही बाजूंनी सरकवाव्या लागतात. विंगा अरुंद असल्या की पोशाख बदलण्याची सोय शेजारच्या दालनांत करावी लागते. वाड्याला लागून असलेल्या मंदिरात ही शेवटची अडचण तितकीशी जाणवत नाही. पॅजेटच्या प्रयोगांत पोशाख वारंवार बदलत, त्या दृष्टीने ही जागा सोयीची होती.

मंडळी : नट व्यावसायिक, लंडनच्या रंगभूमीवर काम केलेले होते. उमराव रंगभूमीवर उतरण्याचे हे पहिले उदाहरण नव्हे. बॅरिमोरच्या सातव्या अर्लने अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉरग्रेव्ह येथे खासगी नाट्यगृह बांधून त्यापायी पैसा घालवला होता. रॉसलिनचा पाचवा अर्ल १८९७ मध्ये दिवाळखोर झाल्यावर ‘जेम्स अर्स्किन’ या नावाने लंडनमध्ये पगारी नट झाला. तेव्हा आधी दिवाळे, मग रंगभूमी. पॅजेटच्या बाबतीत क्रम उलटा. शिवाय त्याने टोपणनाव घेतले नाही. हेन्री अर्व्हिंगला १८९५ मध्ये मिळालेली नाइटकी ही नटाला मिळालेली पहिलीच, हे लक्षात घेतले की एका मार्क्विसने स्वतःच्या किताबासह जाहिरातीत झळकण्याचे धाडस कळते.

नाटकांत पँटोमाइम (परीकथेवर आधारलेला, नाच-गाण्यांचा विनोदी इंग्लिश नाट्यप्रकार), सुखात्मिका आणि शेक्सपिअरचे पाचवा हेन्री यांचा समावेश होता. अलादीनच्या पँटोमाइममध्ये पॅजेट ‘पेको’ ही भूमिका रत्नजडित पोशाखात करी. ऑस्कर वाइल्डचे ॲन आयडियल हझबंड हेही मंडळीने केले. या निवडीचे महत्त्व अनेकदा नजरेतून सुटते. समलिंगी संबंधांबद्दलच्या १८९५ च्या खटल्यानंतर वाइल्डचे नाव चालू प्रयोगांच्या जाहिरातींतून पुसले गेले होते आणि १९०० मध्ये तो पॅरिसमध्ये वारला होता. लंडनमध्ये त्याच्या नाटकांचे पुनरागमन १९०२ च्या सुमारास, तेही बिचकतच, सुरू झाले. गावोगावच्या प्रेक्षकांपुढे त्याचे नाटक नेणारा पॅजेट त्या मोजक्यांपैकी एक ठरतो. सुमारे तीन वर्षे मंडळी ब्रिटनमध्ये व युरोपात हिंडली. दौऱ्यात नट, नेपथ्य आणि पोशाख यांचा सगळा बोजा रेल्वेने हलवावा लागे. आठवड्याचे पगार आणि मालवाहतूक हे खर्च प्रयोग चालो वा न चालो द्यावेच लागतात. दिवसाच्या गल्ल्यावर जगणारी मंडळी त्यांना कात्री लावते. इथे तूट मालकाच्या खिशातून भरली जाई.

फुलपाखरू नृत्य : मध्यंतरात पॅजेट स्वतः हे नृत्य करी आणि ‘नाचणारा मार्क्विस’ हे नाव त्याला त्यावरूनच पडले. प्रकार लॉई फुलर या अमेरिकन नर्तकीने १८९२ पासून पॅरिसमध्ये लोकप्रिय केलेल्या सर्पनृत्याच्या वळणाचा आहे. पॅजेटने तो थेट फुलरकडून घेतला असे मानण्यापेक्षा तिच्या असंख्य अनुकरणांतून घेतला असे मानणे बरे. १९०० पर्यंत हा नाच युरोपभरच्या व्हरायटी (नाच, गाणी, कसरती यांच्या मिश्र कार्यक्रमांच्या) रंगमंचांवर पोचला होता. पातळ रेशमाचा प्रचंड घेर खांद्यापासून सोडतात आणि त्याच्या कडांत बांबूच्या वा ॲल्युमिनियमच्या हलक्या, किंचित वाकलेल्या काठ्या अडकवतात. काठ्यांमुळे हाताची लांबी वाढते. दंडाच्या छोट्या हालचालीने कापडाची मोठी लाट उठते. फुलरने अशा पोशाखाचे अमेरिकन पेटंट १८९४ मध्ये मिळवले. खरे काम प्रकाशाचे असते : मागे काळा पडदा, बाजूंनी आणि खालून विद्युत्झोत, झोतांपुढे रंगीत काचा. समोरून प्रकाश पडला तर घड्यांची सावली नाहीशी होते आणि पंख सपाट दिसतात. ताल चुकून एक हात मागे राहिला की रेशीम काठीला गुंडाळते आणि सोडवायला उसंत नसते. दमट हवेत कापड जड होते, लाट अर्ध्यावर बसते. खांदे आणि मनगटे यांवर इतका ताण येतो की सराव नसलेला नर्तक काही मिनिटांतच थकतो. पॅजेट प्रकृतीने नाजूक होता. तरीही तो हे नृत्य वर्षानुवर्षे करत राहिला. आळशी छांदिष्ट या त्याच्या प्रतिमेत ही गोष्ट बसत नाही.

चोरी, दिवाळे, लिलाव : १० सप्टेंबर १९०१ रोजी तो लंडनच्या लायसियम नाट्यगृहात शेरलॉक होम्सवरील नाटक पाहायला गेला असता त्याच्या फ्रेंच खासगी नोकराने हॉटेलातून सुमारे ५०,००० पौंडांचे जडजवाहीर लांबवले. नोकर पकडला गेला आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. ११ जून १९०४ रोजी पॅजेट दिवाळखोर घोषित झाला. त्यानंतरचा लिलाव ४० दिवस चालला व त्यात सुमारे १७,००० नग होते. रत्नांचेच ८०,००० पौंड आले. पॅरिसच्या शार्वे या दुकानचे अंगरखे, फरचे कोट, पोशाख, वाद्ये, गाड्या असे सारे विकले गेले. सावकारांनी त्याला वर्षाला सुमारे ३,००० पौंड तनखा ठेवला. तो फ्रान्सला गेला आणि दीर्घ आजारानंतर वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. दफन अँगलसीवरील लॅनेड्वेन येथील सेंट एडवेन चर्चमध्ये झाले. सामुद्रधुनीपलीकडच्या बँगर शहरात त्याच्याविषयी आपुलकी टिकून होती, असे मृत्यूच्या वेळच्या बातम्यांत नमूद आहे. फुकट प्रवेश मिळालेले प्रेक्षक त्याच परिसरातले होते.

मूल्यमापन : त्याला अपत्य नव्हते. वारस झालेल्या चुलतभावाने, सहाव्या मार्क्विसने, त्याची कागदपत्रे नष्ट केली आणि नाट्यगृहाचे पुन्हा प्रार्थनामंदिर केले. अभ्यासकांच्या हाती उरली ती लिलावाची यादी, न्यायालयीन नोंदी, वृत्तपत्रे आणि छायाचित्रे. पहिली दोन साधने स्वभावतःच खर्चाविषयी बोलतात, तालमींविषयी नाही. पॅजेटची प्रतिमा एकांगी होण्याचे मोठे कारण हे आहे. लेखक माँटगोमेरी हाइड याने १९७० मध्ये त्याला त्या काळातील सर्वांत कुप्रसिद्ध समलिंगी उमराव म्हटले. त्याच्या प्रियकरांविषयीचा प्रत्यक्ष पुरावा मात्र कोणी पुढे आणलेला नाही. नाट्य-इतिहासकार व्हिव गार्डनर यांनी त्याच्याकडे मुख्यतः आत्ममग्न कलावंत म्हणून पाहिले आहे. उपलब्ध साधनांशी हे मत अधिक जुळते. छायाचित्रांत तो एकटा, पोशाखात, भूमिकेतल्या पवित्र्यात असतो. वाडा १९७६ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे आहे. एकविसाव्या शतकात त्याच्यावर एक संगीत नाटक निघाले आणि वेल्समधील समलिंगी समाजाच्या इतिहासलेखनातही त्याची दखल घेतली गेली.