जुन्या गाडीची ठिणगी आणि नागपूरचं ऊन

नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस) लागला की नागपुरातल्या जुन्या गाड्या एकाच सुरात कुरकुरायला लागतात. सकाळी सातला सदरहून निघालेली पद्मिनी निमूट धावते. तीच गाडी दुपारी दोनला सीताबर्डीच्या सिग्नलवर थरथरते, बंद पडते आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ घेते. “भाऊ, गाडी मिसिंग मारून राहिली,” असं सांगत मालक मिस्त्रीकडे जातो आणि बऱ्याचदा जाड, लाल किंवा निळ्या रंगाच्या नव्या प्लग वायरी बसवून परततो. वायरी बदलल्या हे चांगलंच झालं. पण त्यांच्याकडून आपण ताकद मागतो, आणि ती त्यांच्याकडे नसते. ताकद ज्यावर ठरते ते टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) मात्र कित्येक गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं कोणी तपासलेलंच नसतं.

हे सगळं पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (त्यांना जोडलेली छोटी डबी) असलेल्या गाड्यांबद्दल आहे: फियाट ११००, तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोलवरची अँबेसेडर आणि त्या पिढीतल्या इतर गाड्या. नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांत ठिणगीची वेळ कॉम्प्युटर ठरवतो, तिथे हाताने फिरवायला काही उरलेलं नाही.

बॅटरी देते १२ व्होल्ट. ज्यात ठिणगी पडते त्या प्लगच्या दोन टोकांमध्ये साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटरची फट असते. मोकळ्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला विजेला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये तर हवा आणि पेट्रोलची वाफ दाबून घट्ट केलेली असते, आणि वायू जितका दाट तितका जास्त व्होल्टेज विजेला लागतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये हा नियम मांडला. म्हणजे प्रत्यक्षात दहा हजार व्होल्ट, आणि कधी त्याहूनही जास्त लागतात. १२ चे इतके होतात कुठे? कॉइलमध्ये.

कॉइलच्या पोटात लोखंडी गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, काहीशे वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, तिच्या सुमारे शंभरपट वेढ्यांची. पॉइंट मिटलेले असताना जाड गुंडाळीतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठतं. ठिणगी पडते ती हा प्रवाह तुटण्याच्या क्षणी. पॉइंट उघडले की क्षेत्र कोसळतं, आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितका जास्त व्होल्टेज निर्माण होतो. जाड गुंडाळीतच दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि बारीक गुंडाळीत त्याचे वीस-तीस हजार होतात. कंडेन्सर नसेल तर उघडणाऱ्या पॉइंटच्या फटीतूनच प्रवाह उडी मारून वाहत राहील, क्षेत्र रेंगाळत ओसरेल आणि प्लगपर्यंत काहीच पोचणार नाही. पॉइंट वारंवार जळत असतील आणि ठिणगी पिवळट, मलूल दिसत असेल तर आधी त्या छोट्या डबीवर संशय घ्यावा.

ही रचना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी तयार केली. डेल्को ही कंपनीही त्यांचीच; ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरलाही आपल्याकडे डेल्कोच म्हणतात, आणि त्याच्या आतला फिरता भाग म्हणजे रोटर. आपल्याकडे पद्मिनीचं उत्पादन शतक संपेपर्यंत चाललं, तोवर मूळ कल्पना जवळजवळ तीच राहिली. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. रामटेकच्या तासाभराच्या वाटेवर त्या ३ लाख ६० हजार होतात. इतकं काम एक कॉइल, एक रोटर आणि पाच वायरी करतात, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आता उन्हाकडे वळू. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. मे महिन्यात ४५ अंश तर आपल्या सवयीचेच. बॉनेटखाली इंजिनाची आणि कॉइलची स्वतःची उष्णता त्यात मिसळते, त्यामुळे कॉइल ८० अंशांपर्यंत तापणं सहज शक्य आहे. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना ३ ओहम असलेली गुंडाळी ८० अंशांना जवळपास ३.७ ओहम होते. बारा व्होल्टवर तिच्यातून ४ अँपिअरऐवजी सव्वातीनच्या आसपास प्रवाह जातो. चुंबकीय क्षेत्रात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती सुमारे दोन-तृतीयांशांवर येते. स्लोवर (इंजिन मंद फिरत ठेवून) उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीचं चार्जिंगही कमी होत असतं, तिथे हा फटका आणखी जाणवतो. सकाळी जी ठिणगी जुनी वायर आणि रुंदावलेला प्लग निभावून नेत होती, तिच्याकडे दुपारी तेवढी शिल्लक राहत नाही.

अर्थात दुपारी बंद पडणारी प्रत्येक गाडी ठिणगीमुळेच बंद पडते असं नाही. पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडला तरी लक्षणं अगदी अशीच दिसतात. फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकण्याची जुनी रीत त्याच आजारावरची आहे, आणि ती लागू पडते. फडक्याने गाडी सुरू झाली तर वायरींवर पैसे घालू नयेत.

वायरींविषयी बाजारात सगळ्यात जास्त ऐकू येणारा दावा म्हणजे रोध कमी असलेली जाड वायर ठिणगी जोरदार करते. ठिणगी पडण्याआधी वायरीतून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नसतो. प्रवाहच नाही तर रोधामुळे व्होल्टेज घटण्याचा प्रश्न येत नाही. फट फोडायला लागणारा व्होल्टेज दोन्ही वायरींतून सारखाच पोचतो. फट फुटल्यावर वाहणारा प्रवाहही अँपिअरच्या काही शतांशांएवढाच असतो. ५० मिलिअँपिअर प्रवाह आणि १० हजार ओहमची वायर धरली तर ५०० व्होल्ट वायरीत खर्च होतात. ठिणगीच्या उरलेल्या आयुष्यातली थोडी ऊर्जा वायर खाते हे खरं, पण मिश्रण तोवर पेटलेलं असतं, आणि पेटलेल्या मिश्रणाला जास्त ऊर्जेचा काही उपयोग नाही.

मग कंपन्या वायरीत मुद्दाम रोध का घालतात? रेडिओसाठी. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७ मध्ये रेडिओ लहरी निर्माण केल्या त्या कॉइल आणि ठिणगीच्याच साहाय्याने, आणि उघड्या तांब्याच्या वायरींची गाडी तेच काम दिवसभर करत असते. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावली की इंजिनाच्या तालावर खरखर ऐकू येते ती त्यामुळेच. कार्बन मिसळलेल्या धाग्याची वायर किंवा बारीक तार सर्पिलाकार गुंडाळलेली वायर ही खरखर दाबते. कार्बनचा धागा कालांतराने आतून तुटतो, सर्पिलवाली वायर जास्त टिकते. निवड करायचीच असेल तर मी सर्पिलवाली घेईन.

पण वायरीचा खरा कस लागतो तो तिच्या आवरणाला. वीस हजार व्होल्ट नेहमी सोपी वाट शोधतात. प्लगची फट झिजून रुंद झाली किंवा चढावर थ्रॉटल दाबल्याने सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगकडे जाण्यापेक्षा भेगाळलेल्या रबरातून इंजिनाच्या लोखंडात उतरणं विजेला सोपं वाटतं. म्हणून स्लोवर ठीक चालणारी गाडी चढावर मिसिंग मारते. गळतीच्या जागी हवेत ओझोन तयार होतो, आणि ओझोन रबराला आणखी भेगा पाडतो. दुखणं स्वतःच वाढत जातं. साधं रबर किंवा पीव्हीसी उष्णतेने कडक होतं, तर सिलिकोन २०० अंशांच्या आसपासही मऊ राहतं. विदर्भात सिलिकोनसाठी दोन पैसे जास्त देण्याचं हेच कारण पुरेसं आहे. जुलैच्या पहिल्या पावसात गाडी सुरूच होत नाही तेव्हाही आधी या भेगा आणि डेल्कोच्या कॅपमधल्या काळ्या रेघा बघाव्यात. कॅपच्या आत दमटपणा आणि धूळ मिळून विजेसाठी रस्ता तयार झालेला असतो.

तपासणी सोपी आहे. रात्री अंधारात गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून चालू ठेवा, बॉनेट उघडा आणि वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. निळे धागे चमकले किंवा चटचट ऐकू आली तर वायरी संपल्या. कुठेही पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर हा प्रयोग करू नका, आणि काहीही दिसलं तरी हात लावू नका. दुसरी तपासणी मल्टिमीटरने: इंजिन बंद करून, वायर काढून रोध मोजायचा. एक वायर इतरांपेक्षा फारच वेगळा आकडा दाखवत असेल तर तिचा धागा तुटलेला असतो. नव्या वायरी एकेक करून बदला, म्हणजे १-३-४-२ हा सिलिंडर पेटण्याचा क्रम चुकत नाही. तीन आणि चार नंबरच्या वायरी अंगाला अंग लावून बांधू नका. त्या लागोपाठ पेटतात, आणि एकीच्या स्पंदनाने दुसरीत व्होल्टेज उठून चौथ्या सिलिंडरमध्ये अवेळी ठिणगी पडू शकते.

इतकं केल्यावर इंजिनाला त्याची मूळ ताकद परत मिळते. त्याहून पुढचा फरक टायमिंगचा.

पेट्रोलचं मिश्रण एकदम भडकत नाही. ज्वाला प्लगपासून निघून सिलिंडरच्या कडेपर्यंत पसरत जाते. समजायला सोपं म्हणून हा वेळ दोन मिलिसेकंद धरू. ८०० फेऱ्यांच्या स्लोवर तेवढ्यात क्रँक सुमारे १० अंश फिरतो, ३,००० फेऱ्यांवर ३६ अंश. दाब सगळ्यात जास्त कधी हवा? पिस्टन वरच्या टोकावरून उतरायला लागून क्रँक १२-१५ अंश पुढे गेल्यावर. म्हणजे ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पडली पाहिजे, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळणही वाढते, ज्वाला जलद पळते, त्यामुळे अ‍ॅडव्हान्स (ठिणगी आधी पाडण्याचं प्रमाण) अमर्याद वाढवावा लागत नाही. हा हिशेब डेल्कोच्या आत दोन छोटी वजनं आणि स्प्रिंगा करतात: वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकवतात. बऱ्याच डेल्कोंना व्हॅक्युमची डबीही असते. हलक्या थ्रॉटलवर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, सावकाश जळतं, म्हणून ती डबी ठिणगी आणखी आधी पाडते. तिचा पडदा फाटला की ॲव्हरेज घसरतं, पण गाडी चालत राहते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

टायमिंग मागे राहिलं तर मिश्रण उतरत्या पिस्टनच्या मागे जळत राहतं. काम कमी होतं, उरलेली उष्णता सायलेन्सरमध्ये आणि पाण्यात जाते. उन्हाळ्यात इंजिन गरम होतं म्हणून रेडिएटर धुऊन घेणारे खूप आहेत; टायमिंग तपासून घेणारे थोडे. पॉइंटच्या टाचेचा (कॅमवर घासणाऱ्या टोकाचा) फायबर झिजला की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे जातं. गाडीला काहीच न करताही हे घडतं.

टायमिंग फार पुढे असलं तर वेगळंच संकट. ज्वाला पोचायच्या आत कडेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःच पेटतं आणि इंजिन खटखटतं. हेच नॉकिंग. ते सतत चालू राहिलं तर पिस्टन आणि हेड गॅस्केटचा बळी जातो. आत येणारी हवाच ४५ अंशांची असेल तर कडेचं मिश्रण पेटायच्या आणखी जवळ गेलेलं असतं, म्हणून जानेवारीत गोड चालणारं टायमिंग मेमध्ये खटखटू शकतं. पूर्वी यावर पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. केटरिंग यांच्याच हाताखाली थॉमस मिड्जली यांनी १९२१ मध्ये तो उपाय शोधला होता. त्याचं विष हवेत पसरत गेलं, आणि भारतात २००० साली शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं.

आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकिंगची भीती कमी झाली आहे. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि कार्ब्युरेटरला ते कळत नाही. जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) जुनेच राहिले तर मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण सावकाश जळतं आणि पेटायला कुरकुरतं. जुन्या रबरी पाइपांवरही इथेनॉलचा परिणाम होतो, तेही बदलून घ्यावेत. या इंधनावर निरोगी वायरी आणि नीट फट असलेले प्लग पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे आहेत.

लावताना आधी पॉइंटची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मॅन्युअलप्रमाणे, मगच टायमिंग. क्रम उलटा केला तर दोन्ही बिघडतं, कारण फट बदलली की टायमिंग सरकतं. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण जुळवायची, पॉइंटच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत छोटा १२ व्होल्टचा दिवा जोडायचा, किल्ली ऑन करायची आणि डेल्कोचं अंग सावकाश फिरवायचं. दिवा लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. रोटर फिरतो त्याच्या उलट फिरवलं तर अ‍ॅडव्हान्स, त्याच दिशेला फिरवलं तर रिटार्ड, म्हणजे ठिणगी उशिरा. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मिळाला तर उत्तम, कारण वेग वाढवल्यावर खूण पुढे सरकते की नाही तेही दिसतं. सरकत नसेल तर आतली वजनं गंजून अडकलेली असतात. शेवटची परीक्षा भर दुपारी, तापलेल्या इंजिनावर, सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये घ्यावी. थ्रॉटल दाबताच क्षणभर नॉकिंगची टिकटिक होऊन थांबली तर आपण मर्यादेजवळ आहोत. चढ संपेपर्यंत ती चालू राहिली तर अंश-दोन अंश मागे घ्यावं.

पॉइंट काढून तिथे चुंबक आणि सेन्सर बसवणारे इलेक्ट्रॉनिक संच आता मिळतात. झिजणारी टाच नसल्याने टायमिंग सरकत नाही, आणि रोज चालवायच्या गाडीला ते मी जरूर सुचवेन. मात्र त्याला साजेशा रोधाची कॉइल लागते, उघड्या तांब्याच्या वायरी चालत नाहीत कारण त्यांच्या लहरींनी सेन्सर गोंधळू शकतो, आणि सेन्सरचा क्षण पॉइंटच्या क्षणाशी जुळत नसल्याने संच बसवल्यावर टायमिंग पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं.