१५५४ की १०९३? तटरक्षक दल आणि सागरी पोलीस

भर समुद्रात गणवेशातला माणूस बोटीवर चढला, की किनाऱ्यावर त्याला सरसकट 'कोस्टगार्डवाला' म्हणतात. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर असो की मुंबईचं वर्सोवा, तोंडी शब्द एकच. पण तो माणूस केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाचा असू शकतो किंवा राज्याच्या गृहखात्याचा. पांढरं मोठं जहाज आणि त्यावर तिरपा पट्टा दिसला, तर ते तटरक्षक दल. लहानशी स्पीडबोट आणि तिच्यावर 'पोलीस' लिहिलेलं असेल, तर ते सागरी पोलीस.

तटरक्षक दलाला स्वतःचा कायदा आहे, तटरक्षक अधिनियम १९७८. सत्तरच्या दशकात समुद्रमार्गे होणारी तस्करी हाताबाहेर गेली, तेव्हा के. एफ. रुस्तमजी यांच्या समितीने असं वेगळं दल हवं म्हणून शिफारस केली. रुस्तमजी मूळचे आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. १ फेब्रुवारी १९७७ ला नौदलाच्या जहाजांवर तात्पुरतं काम सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये कायदा आला. त्याचा बराचसा भाग दलातली शिस्त, शिक्षा आणि दलाचं न्यायालय यांवरच आहे. तुमच्या-आमच्या कामाचं कलम चौदावं. संकटातल्या मच्छीमारांना मदत, सागरी प्रदूषण रोखणं, कस्टमला साथ, समुद्रातल्या जीवित-वित्ताची सुरक्षा, ही सगळी कर्तव्यं तिथे नोंदलेली आहेत.

सागरी पोलिसांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. पोलीस हा राज्याचा विषय, त्यामुळे ते आपल्या नेहमीच्या पोलीस ठाण्यासारखेच चालतात, फक्त हद्द पाण्यातही असते.

ही हद्द नेमकी कुठे संपते, यावरून केवढं रामायण घडू शकतं ते केरळमध्ये दिसलं. १५ फेब्रुवारी २०१२ ला एनरिका लेक्सी या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी 'सेंट अँथनी' या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या आणि दोन मच्छीमार गेले. जागा किनाऱ्यापासून सुमारे साडेवीस सागरी मैलांवर. बोट कशीबशी परतली आणि नींदकरा सागरी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. इकडे तटरक्षक दलाच्या मुंबईतल्या शोध-बचाव केंद्राने त्या जहाजाशी संपर्क साधला आणि दलाच्या जहाजांनी ते कोचीला आणलं. अटक केली केरळ पोलिसांनी. दोन्ही दलांनी आपापलं काम चोख केलं होतं. तरी १८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटना बारा सागरी मैलांपलीकडची आहे, तिथे केरळ राज्याला तपासाचा अधिकार नाही, तो केंद्राचा. गेलेल्या माणसांची घरं राज्यात, बोट राज्याची, गुन्हा राज्यात नोंदलेला, आणि अधिकार मात्र एका अदृश्य रेषेने ठरला. तिथून प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं आणि भरपाईचे दहा कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये मिटलं. नऊ वर्षं!

बारा सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर. तिथवर आपला प्रादेशिक समुद्र. दोनशे मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत, आर्थिक क्षेत्र. जाळ्यामागे जाणाऱ्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, पाण्यावर ही रेषा कुठे दिसणार? तो खोली वावांत मोजतो, कायदा मैलांत बोलतो.

पैशाचा मामला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तटरक्षक दलाचा खर्च केंद्रीय अर्थसंकल्पातून होतो, २०२५-२६ साठी ती तरतूद ९,६७६.७० कोटी रुपये होती. सागरी पोलिसांचं तसं नाही. २००५ पासून केंद्राच्या किनारी सुरक्षा योजनेतून राज्यांना ठाणी आणि बोटी मंजूर झाल्या. पहिल्या टप्प्यात ७३ ठाणी आणि २०४ बोटी, २०११ पासूनच्या दुसऱ्यात आणखी १३१ ठाणी. पण त्यावर माणसं नेमायची, त्यांचे पगार द्यायचे ते राज्याने. बोट एकदा येते, डिझेल रोज लागतं. इंजिन खाऱ्या पाण्यात झिजतं, आणि गावातल्या ठाण्यातून बदलून आलेल्या हवालदाराला लाटेवर उभं राहायलाही शिकावं लागतं. या नित्याच्या खर्चाची सोय आधी पक्की झाली पाहिजे, असं मी ठामपणे म्हणेन.

मग बारा मैलांच्या आत फक्त पोलीस आणि बाहेर फक्त तटरक्षक, असं समजायचं का? तसंही नाही. 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून दहा अतिरेकी कुलाब्याच्या मच्छीमार कॉलनीत उतरले, त्यानंतर २००९ मध्ये प्रादेशिक समुद्रातल्या किनारी सुरक्षेची जबाबदारीही तटरक्षक दलाकडे दिली गेली, पोलीस गस्त घालतात तो पट्टाही त्यात आला. म्हणजे बारा मैलांच्या आत दोघेही भेटतात. तटरक्षक बोट अडवू शकतात, झडती घेऊ शकतात, माणूस पकडू शकतात. पण पुढे गुन्हा नोंदवायला तो सहसा पोलीस ठाण्यातच आणला जातो.

बोट बुडतेय, इंजिन बंद पडून वाहत चाललीय, खलाशी आजारी आहे, तर १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर. किनाऱ्याजवळ अनोळखी बोट किंवा संशयास्पद हालचाल दिसली, तर १०९३, सागरी पोलीस. फोन लागताच आधी जीपीएसवरचे आकडे सांगा, मग बोटीवर किती जण आहेत ते. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते, तिथे बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेस सेटवरचं १६ नंबरचं चॅनल लावा.