एनएफ-१ विकारातील गाठी आणि गुणसूत्रांची टोके : पार्श्वभूमी

न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, म्हणजेच एनएफ-१, या आनुवंशिक विकारात शरीरभर गाठी येतात. त्यांतल्या बहुतेक आयुष्यभर सौम्य राहतात, काही थोड्या मात्र घातक होतात. हा फरक का पडतो, याचे उत्तर निदान काही अंशी तरी गुणसूत्रांच्या टोकांवर, म्हणजे टेलोमिअरमध्ये, सापडले आहे.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये या गाठींचा मज्जातंतूंशी असलेला संबंध दाखवून दिला. त्यामागचे सतराव्या गुणसूत्रावरील जनुक हाती लागायला मात्र १९९० साल उजाडले. त्यापासून बनणारे न्यूरोफायब्रोमिन हे प्रथिन ‘रास’ या वाढीच्या संकेताला आवर घालते. जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते आणि एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली की हा आवर सुटतो. सुमारे ३,००० जन्मांमागे एकाला हा विकार असतो, आणि जवळपास निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांत तो नसतोच.

टेलोमिअरचा अभ्यास या विकाराशी काहीही संबंध न ठेवता सुरू झाला होता. हर्मन म्युलर यांनी १९३८ मध्ये या टोकांना नाव दिले. पुढे असे दिसले की पेशीच्या प्रत्येक विभाजनात ती थोडी झिजतात आणि फार आखूड झाली की विभाजन थांबते. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरॉल ग्रायडर यांनी १९८४ मध्ये टोके पुन्हा वाढवणारे टेलोमरेज हे एन्झाइम शोधले. बहुसंख्य कर्करोगांत ते सक्रिय असल्याचे १९९० च्या दशकात स्पष्ट झाल्यावर, कर्करोगाच्या पेशी न थांबता कशा विभागत राहतात, हे कोडे सुटले असे वाटू लागले.

ते सुटले नव्हते. सिडनीतील रॉजर रेडेल यांच्या गटाला १९९५ मध्ये अशा अमर, म्हणजे न थांबता विभागत राहणाऱ्या, पेशी आढळल्या, ज्यांत टेलोमरेज नव्हते आणि तरीही टोके शाबूत होती. काही अतिशय लांब, काही अगदी आखूड. विशेष म्हणजे या गटाने अभ्यासलेल्या काही पेशी ली-फ्राउमेनी या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक विकाराच्या होत्या. २००० मध्ये याच गटाने एका टेलोमिअरमध्ये खुणेचा डीएनए घातला, तर तोच काही विभाजनांनंतर इतर गुणसूत्रांच्या टोकांवरही आला. एक टोक दुसऱ्यावरून नक्कल करून स्वतःला लांबवत होते. या पद्धतीला ‘एएलटी’ (अल्टरनेटिव्ह लेंग्थनिंग ऑफ टेलोमिअर्स, म्हणजे टेलोमिअर लांबवण्याचा पर्यायी मार्ग) म्हणतात, आणि माझ्या मते या इतिहासातला हाच सर्वांत निर्णायक प्रयोग आहे. टेलोमिअरला चिकटून सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारा शोधक रेणू वापरला, तर सामान्य पेशीत बारीक, एकसारखे ठिपके दिसतात. एएलटी असलेल्या पेशीच्या केंद्रकात मोजकेच, पण मोठे आणि झगझगीत पुंजके दिसतात.

एटीआरएक्स आणि डॅक्स या जनुकांतील बिघाडांचा एएलटीशी निकटचा संबंध २०११ मध्ये उघड झाला, आणि तिथून एनएफ-१ कडे वाट वळली. या विकारातील ग्लायोमांचा, म्हणजे मेंदूतील आधार-पेशींच्या गाठींचा, सविस्तर जनुकीय अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उच्च श्रेणीच्या, म्हणजे अधिक आक्रमक, गाठींत एटीआरएक्सचे दोष आणि त्यांच्याबरोबर एएलटीची लक्षणे दिसली. मज्जातंतूंच्या आवरणाच्या घातक गाठींतही एएलटी आढळते, मज्जातंतूंवरील सौम्य गाठींत, म्हणजे न्यूरोफायब्रोमांत, मात्र प्रायः नाही. म्हणजे एनएफ-१ जनुकाचा दोष वाढीला सुरुवात करून देतो. ती वाढ अखंड चालू राहण्यासाठी टोकांची तजवीज बहुधा नंतर, वेगळ्या बिघाडातून होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात पायलॉइड लक्षणे असलेल्या उच्च श्रेणीच्या अ‍ॅस्ट्रोसायटोमाला (ग्लायोमाचा एक प्रकार) स्वतंत्र स्थान मिळाले. ही गाठ एनएफ-१ च्या रुग्णांतही आढळते आणि तिच्यात एटीआरएक्स अनेकदा गमावलेले असते. एटीआरएक्स जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाची रंगचाचणी साध्या बायोप्सीवर करता येते, आणि एनएफ-१ च्या रुग्णाच्या ग्लायोमात हे प्रथिन नाहीसे झालेले दिसले, तर गाठ वरवर संथ वाटली तरी विकृतिशास्त्रज्ञ तिच्याकडे अधिक काळजीने पाहतात.