वरचा थर सुटतो कुठून? डांबरी रस्त्याच्या सांध्याच्या चाचणीची पार्श्वभूमी

पाऊस उघडला की कोल्हापुरात खड्ड्यांच्या नावाने बोंब सुरू होते. पण नीट पाहिलं तर काही ठिकाणी तो खड्डा नसतोच. वरचा कारपेटचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला असतो आणि खालचा जुना रस्ता शाबूत. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जिथे ब्रेक दाबतात, वळतात, तिथे हे आधी होतं. माल निकृष्ट म्हणून आपण मोकळे होतो. खरा दोष अनेकदा दोन थरांच्या मधल्या सांध्यात असतो.

या सांध्याकडे बराच काळ कुणी फारसं पाहिलं नाही. १९४३ साली डोनाल्ड बर्मिस्टर यांनी थरांच्या रस्त्यातले ताण काढायचं गणित मांडलं. पुढे डिझाइनमध्ये थर एकमेकांना पक्के चिकटलेले आहेत असं धरूनच चालण्याचा प्रघात पडला. आपल्या ‘आयआरसी ३७’चं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या डिझाइनच्या नियमावलीचं, गणितही तेच धरून चालतं. सांधा सुटला की प्रत्येक थर स्वतंत्र वाकतो, वरच्या थराच्या तळाशी ताण वाढतो आणि कागदावरचं आयुष्य कागदावरच राहतं.

सांधा किती पक्का आहे हे मोजायची सुटसुटीत रीत १९७९ साली जर्मनीत लॉयटनर यांनी दिली. रस्त्यातून १५० मिमी व्यासाचा कोअर, म्हणजे सगळ्या थरांसकट कापलेला गोल ठोकळा, काढायचा, २० अंश सेल्सिअसवर आणायचा, खालचा थर पकडीत आवळायचा आणि वरचा मिनिटाला ५० मिमी वेगाने आडवा सरकवायचा. सांधा किती जोर लावल्यावर तुटतो, ते पाहायचं. पुढे जर्मन नियमात आकडा आला: सर्वांत वरच्या सांध्याला किमान १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाचा जोर, खालच्या सांध्यांना १२. वरचा थर उपटून किंवा पिळून पाहण्याच्या चाचण्याही आहेत, पण गाडीचं चाक ब्रेक लागताना थर आडवाच ढकलतं, म्हणून ही जास्त पटते.

आपल्याकडे साइटवर भर असतो तो टॅक कोटच्या, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून जुन्या थरावर फवारायच्या पातळ डांबराच्या, मात्रेवर. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या तपशिलात जुन्या डांबरी पृष्ठभागासाठी चौरस मीटरला ०.२० ते ०.३० किलो इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) सांगितलंय. ट्रे ठेवून, फवारून, वजन करून ते तपासतात. पण फवारलेलं सगळं चिकटतंच असं नाही. तपकिरी इमल्शन काळं पडायच्या आत डंपर त्यावरून गेला, की निम्मं टायरला लागून जातं. शेतातून आलेला चिखल झाडायचा राहिला, तर डांबर चिखलाला चिकटतं, रस्त्याला नाही. अशा जागी कोअर मारला तर तो मशीनच्या नळीतच दोन तुकडे होऊन निघतो; प्रयोगशाळेत न्यायला सांधा उरतच नाही.